जुन्या बुलेटच्या सर्व केबल नव्या टाकल्या, तरी क्लच जड आणि हँडल वळवले की आयडलिंग वाढते

प्रश्न : कर्वेनगरकर

नमस्कार. माझ्या वडिलांची १९७८ सालची ३५० सीसी बुलेट मी गेल्या दिवाळीपासून पुन्हा उभी करत आहे. अकरा वर्षे ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. इंजिनाचे काम एका जाणत्या मेकॅनिककडून करून घेतले, टाकीचा रंग झाला, आणि वायरिंग व केबल एवढे काम मी स्वतः करायचे असे ठरवले, कारण वडील ही कामे घरीच करत असत आणि मी त्यांच्या हातात पाने देत असे.

जुन्या केबलपैकी एकही वापरण्याजोगी नव्हती. क्लचच्या तारेचे निम्मे धागे निपलापाशी (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या गुंडीपाशी) तुटलेले होते, पुढच्या ब्रेकच्या आउटरचे (तारेभोवतीच्या आवरणाचे) प्लॅस्टिक फाटून आतला गुंडाळलेला पट्टा गंजला होता, आणि डिकॉम्प्रेसरची (किक मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करणाऱ्या यंत्रणेची) तार आउटरमध्ये इतकी घट्ट बसली होती की पकडीने ओढूनही हलेना. ॲक्सिलेटरची तेवढी हलत होती, परंतु तिच्यावरही भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून नाना पेठेतून चारही केबलचा तयार संच आणला. दोन्ही लिव्हर वाकलेल्या होत्या, त्यामुळे लिव्हरची नवी जोडीही त्याच दुकानातून घेतली.

सर्व बसवून पाच-सहा वेळा गाडी बाहेर काढली आणि तीन अडचणी लक्षात आल्या. पहिली, क्लच अतिशय जड आहे. लकडी पुलावरून अलका चौकाच्या सिग्नलपर्यंत पोहोचेतो डाव्या हाताची बोटे अक्षरशः बधिर होतात. वडिलांच्या वेळी मी हीच गाडी दोन बोटांनी क्लच दाबून चालवलेली आहे, त्यामुळे ‘बुलेटचा क्लच जडच असतो’ हे उत्तर मला पटत नाही. दुसरी, गाडी उभी असताना हँडल पूर्ण डावीकडे वळवले की इंजिनाचे आयडलिंग (ॲक्सिलेटर न देता चालणारी संथ गती) आपोआप वाढते. तिसरी, इंजिन चांगले तापल्यावर ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि किक मारताना पूर्वीचा दाब जाणवत नाही. मेकॅनिकच्या मते तिसरा दोष कार्बोरेटरचा आहे, परंतु दोनदा जेट साफ करूनही फरक पडलेला नाही.

तयार केबल परत करून मापाप्रमाणे बनवून घ्याव्यात का? जुनी आउटर चांगली असेल तिथे फक्त आतली तार नवी घालून निपल घरी डाख (सोल्डर) देऊन बसवता येतो का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : जुना फिटर, खडकी

आपण केबल परत करण्याची घाई करू नये. आपण लिहिलेल्या तिन्ही अडचणींत केबलचा दोष असेलच असे नाही, मात्र तिन्हींचे मूळ केबलच्या दोन टोकांपाशी आणि तिच्या वाटेत सापडेल असे मला वाटते. गॅरेजात आपण सगळे हिला ‘वायर’ म्हणतो. विजेच्या वायरशी घोटाळा नको म्हणून मी इथे केबल म्हणतो.

आधी क्लच घ्यावा. आपण केबलबरोबर लिव्हरही बदललेल्या आहेत, आणि माझा संशय लिव्हरवर आहे. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांच्या लिव्हर दोन मापांत येतात. जिच्यावर लिव्हर फिरते त्या पिव्हट बोल्टच्या मध्यापासून निपल बसतो त्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर एका प्रकारात ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असते, आणि दुसऱ्या प्रकारात १ १/१६ इंच, म्हणजे २७ मिलिमीटर. पहिली सर्वसाधारणपणे क्लचसाठी आणि दुसरी ब्रेकसाठी असते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात, त्यामुळे दुकानातून जोडी म्हणून एकाच मापाच्या दोन लिव्हर हातात पडणे सहज शक्य आहे. २७ ची लिव्हर क्लचला लागली, तर तार एकवीस टक्के जास्त ओढली जाते, पण हाताला जोरही तितकाच जास्त लावावा लागतो. आपली बोटे बधिर होण्याला एवढे कारण पुरेसे आहे. व्हर्नियर नसेल तर साध्या पट्टीनेही पाच मिलिमीटरचा फरक दिसतो. जुन्या वाकलेल्या लिव्हर टाकून दिल्या नसतील, तर त्यांच्याशी ताडून पाहावे.

लिव्हर हातात आहे तोवर निपलाचे भोकही पाहून घ्यावे. लिव्हर दाबताना निपल भोकात थोडा फिरला पाहिजे. तो रंगामुळे किंवा कडेला राहिलेल्या धातूच्या कणीमुळे अडकला, तर प्रत्येक दाबाला तार निपलाच्या तोंडाशी वाकते आणि तिथले धागे एकेक करून तुटत जातात. आपली जुनी केबल नेमकी तिथेच तुटलेली होती, हे आपण लिहिलेच आहे. गोल कानसाने भोक स्वच्छ करावे, निपल बोटाने फिरतो ना ते पाहावे आणि त्यात ग्रीसचा एक ठिपका लावावा.

त्यानंतर क्लचची जुळणी पहिल्यापासून करावी. केबलचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून केबल सैल सोडावी, गिअरबॉक्सवरचे छोटे झाकण उघडून पुशरॉडचा (क्लच सोडवणाऱ्या दांड्याचा) स्क्रू आणि चेक नट तिथे जुळवावेत, आणि मगच केबलच्या ॲडजस्टरने लिव्हरला दोन ते तीन मिलिमीटरची मोकळी चाल ठेवावी. बहुतेक जण उलट क्रमाने जातात. ते आतला स्क्रू तसाच ठेवून सगळी ढिलाई केबलनेच काढतात, त्यामुळे गिअरबॉक्सच्या आतला आर्म (तार ज्याला ओढते तो दांडा) आधीच तिरका होऊन बसतो. तारेची ओढ आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन असेल तेव्हाच जोर पूर्ण लागू पडतो. आर्म तिरका झाला की क्लच जड होतो आणि पूर्ण सुटतही नाही.

दुसरी अडचण वाटेची आहे. अशा केबलला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिच्यात आतली तार जेवढ्या जोराने ओढते, तेवढ्याच जोराने आउटर दोन्ही टोकांना दाब देत असते. म्हणून आउटर कुठे ताणले गेले किंवा टोकाच्या टोपीतून किंचित बाहेर आले, तर लिव्हर न हलवताही तार ओढल्यासारखा परिणाम होतो. हँडल डावीकडे वळले की उजवी मूठ पुढे जाते आणि कार्बोरेटरपासून दूर होते. तिथे केबलला पुरेसे झोळ नसेल किंवा ती टाकीच्या आणि फ्रेमच्या मध्ये चेपली असेल, तर कार्बोरेटरचा स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) वर उचलला जातो. हा दोष किरकोळ समजू नये. गल्लीत गाडी वळवताना ती आपोआप पुढे झेपावली, तर समोर कोण असेल ते सांगता येत नाही.

टाकी काढावी. केबल हेडस्टॉकच्या (हँडल जिच्यात फिरते त्या फ्रेमच्या नळीच्या) कोणत्या बाजूने गेली आहे ते पाहावे, कुठेही तीव्र वळण राहू देऊ नये, आणि ज्या क्लिपांनी किंवा पट्ट्यांनी ती करकचून बांधली आहे त्या सैल कराव्यात. केबलला फ्रेमवर मार्गदर्शन हवे, बंधन नको. टाकी परत बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. आवाजात तिळमात्र फरक पडला नाही, तरच काम झाले असे समजावे. ॲक्सिलेटरच्या मुठीला तार ओढली जाण्याआधी एक-दोन मिलिमीटरची मोकळी फिरत ठेवावी. शिवाय एअर फिल्टरचा पाइप काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे आणि मूठ पूर्ण फिरवल्यावर स्लाइड तोंडातून पूर्ण वर जातो का, हेही तपासावे. तयार केबलमध्ये आउटरबाहेर राहणारी तार कमी-जास्त असते. मग एकतर गाडी पूर्ण वेग घेत नाही किंवा स्लाइड पूर्ण खाली बसत नाही.

तिसऱ्या दोषासाठी कार्बोरेटरला आता हात लावू नये. इंजिनाच्या उजव्या बाजूला जिथे डिकॉम्प्रेसरची केबल येते, तिथला आर्म बोटाने हलवून पाहावा. त्याला थोडी तरी मोकळी हालचाल असलीच पाहिजे. ती केबल ताठ असली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह केसभर उचललेला राहतो. किकला दाब न मिळणे आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होणे, ही दोन्ही त्याचीच लक्षणे आहेत. तशीच गाडी चालवत राहिल्यास व्हॉल्व्हची सीट जळते, आणि मग आपण नुकतेच करून घेतलेले इंजिनाचे काम वाया जाईल. कृपया हे आजच पाहावे.

उत्तर २ : नळस्टॉप

वरच्या उत्तरातील प्रत्येक मुद्दा मला मान्य आहे. मी फक्त घरी केबल बनवण्याविषयी लिहितो, कारण माझ्या दोन जुन्या गाड्यांच्या क्लच, ॲक्सिलेटर आणि डिकॉम्प्रेसरच्या केबल मी घरीच बनवल्या आहेत.

हे काम अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. प्रथम जुन्या केबलची दोन मापे कागदावर लिहून ठेवावीत : टोप्यांसह आउटरची लांबी, आणि आउटर एका टोकाला पूर्ण सरकवल्यावर दुसऱ्या टोकाला बाहेर राहणारी तार. नुसती एकूण लांबी सांगून केबल मागितली, की नेमके हे दुसरे माप चुकते. तार कापण्याआधी कापायच्या जागी डाख लावून धागे एकत्र बांधून घ्यावेत आणि मग धारदार कटरने कापावी. नाही तर टोकाचे धागे फुलतात आणि तार आउटरमध्ये शिरतच नाही. डाखासाठी साठ-चाळीस कथील-शिशाची तार पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते, आणि पितळी निपलासाठी लागणारी सळई रविवार पेठेत बोहरी आळीत. सळईचे निपल कुठल्याही लेथवाल्याकडून करून घ्यावेत. भोक तारेपेक्षा किंचित मोठे असावे, आणि ज्या बाजूला तारेचे टोक येणार त्या बाजूला ते कुंकवाच्या करंड्यासारखे पसरट करून घ्यावे.

खरा आधार या पसरट भागातच असतो. तार थिनरने धुऊन निपलातून एक-दोन मिलिमीटर बाहेर काढायची आणि तिचे धागे टोकदार पोगराने (पंचाने) चहूबाजूंनी शेवंतीसारखे फुलवायचे. फुललेले धागे करंड्यात ओढून घेतले की तार नुसत्या ओढीने निसटत नाही. डाख ती जागा भरून काढण्यापुरता असतो. फ्लक्स लावून निपल वितळलेल्या डाखात काही सेकंद बुडवावा. मी जुन्या लोखंडी पळीत डाख वितळवतो. गॅसची ज्योत थेट तारेवर धरू नये. साठ-चाळीसचा डाख १९० अंश सेल्सियसच्या आसपास पूर्ण पातळ होतो, ज्योत मात्र त्याच्या कितीतरी पट तापते आणि तारेचे पाणी (कठीणपणा) उतरवते. तार निळसर दिसली तर तेवढा भाग कापून पुन्हा करावे. नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स वापरला असेल, तर थंड झाल्यावर टोक धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घोळवून स्वच्छ धुवावे आणि तेलाचा हात द्यावा. हे राहिले तर पहिल्या पावसाळ्यातच निपलाखाली हिरवट गंज धरतो आणि तार आतून खाल्ली जाते.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या टोकाचा निपल बसवण्याआधी आउटर, दोन्ही टोप्या, ॲडजस्टर आणि रबरी बूट तारेवर ओवून घ्यावेत. एका रात्री साडेअकराला मी उत्तम डाख दिलेली केबल हातात घेऊन उभा होतो आणि ॲडजस्टर समोरच्या वाटीत होता. ती केबल पुन्हा कापावी लागली आणि आखूड झाली.

तेलाविषयी : तयार केबलच्या आउटरमध्ये नायलॉनचे अस्तर असेल तर दाट तेल किंवा ग्रीस अजिबात घालू नये, ते धूळ धरून तार जड करते. अस्तर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या आउटरमध्ये मात्र पातळ तेल हवेच. केबलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा फनेलसारखा बांधून त्यात दोन चमचे तेल ओतावे आणि केबल रात्रभर खिळ्याला उभी टांगून ठेवावी. सकाळी खालच्या टोकाला थेंब आलेला दिसतो.

उत्तर ३ : सहकारनगर

घरी केबल बनवण्याच्या बाजूने वर जे लिहिले आहे ते क्लच आणि ॲक्सिलेटरपुरते ठीक आहे. पुढच्या ब्रेकची केबल मात्र घरी डाख देऊन बनवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. क्लचची केबल तुटली तर गाडी गिअरमध्ये ढकलत घरी आणता येते. दिवे घाट उतरताना पुढच्या ब्रेकचा निपल निसटला, तर ही सवलत नसते.

मी एकदा घरी केलेला निपल तपासून पाहिला होता. केबल तुळईला अडकवून खाली ५० किलोचे सिमेंटचे पोते टांगले, निपल टिकला, आणि मी समाधानी झालो. पुढे हिशेब केला तेव्हा चूक कळली. ब्रेकच्या लिव्हरवर आपली बोटे पिव्हटपासून साधारण ११० मिलिमीटरवर असतात आणि निपल २७ मिलिमीटरवर, म्हणजे हाताचा जोर तारेवर चौपट होऊन येतो. जिवाच्या भीतीने माणूस २५ किलोच्या जोराने सहज दाबतो, तेव्हा तारेवर १०० किलो येतात. माझी परीक्षा खऱ्या गरजेच्या निम्मीच होती. ती केबल मी काढून टाकली.

ब्रेकसाठी कारखान्यात बनवलेली केबल घ्यावी, आणि आउटर जाड व ताठ आहे का ते पाहावे. ‘नवी केबल ताणली’ असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तार ताणत नाही. लिव्हर दाबल्यावर मऊ आउटर चेपते आणि वळणावर सरळ होऊ पाहते, त्यात आपला निम्मा जोर संपतो. एकाने लिव्हर दाबून धरावी आणि दुसऱ्याने आउटरवर हात ठेवावा. ते सापासारखे हलत असेल, तर कितीही ॲडजस्ट केले तरी ब्रेक स्पंजासारखाच लागणार.

उत्तर ४ : नळस्टॉप

सहकारनगर यांचे म्हणणे मी स्वीकारतो. म्हणूनच माझ्या यादीत पुढच्या ब्रेकचे नाव नव्हते, पण ते मी स्पष्ट लिहायला हवे होते. चौपटीचा हिशेब मी कधी केलेला नव्हता. क्लचच्या केबललाही आता दोन पोती टांगून पाहीन.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभर गाडीपाशी बसलो, त्याचे सांगतो.

जुना फिटर यांचे उत्तर वाचल्याच्या संध्याकाळीच डिकॉम्प्रेसरचा आर्म पाहिला. हालचाल शून्य होती. हँडलवरची छोटी लिव्हर पूर्ण सुटलेली असूनही तार वीणेच्या तारेसारखी ताठ होती, कारण तयार केबलचे आउटर जुन्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर लांब निघाले. तात्पुरती ती केबल काढून टाकली आणि किक मारली, तर पहिल्याच दाबाला पाय वर फेकला गेला. डिकॉम्प्रेसरशिवाय रोज किक मारणे शक्य नाही, म्हणून आउटर मापाने कापून, टोपी नव्याने बसवून ती पुन्हा लावली आणि आर्मला दोन मिलिमीटरची मोकळीक ठेवली. फटफट पूर्ण थांबली. व्हॉल्व्हची सीट खराब झाली नसावी, कारण दाब पूर्वीसारखा आहे. तरीही मेकॅनिककडून एकदा टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) तपासून घेणार आहे.

दोन्ही नव्या लिव्हर २७ मिलिमीटरच्या निघाल्या. माळ्यावरच्या डब्यात जुनी वाकलेली क्लच लिव्हर सापडली, ती २२ ची आहे. तिच्या मापाची नवी मिळेपर्यंत जुनीच लाकडी ठोकळ्यावर हळूहळू सरळ करून लावली आहे, आणि गिअरबॉक्सच्या स्क्रूपासून पुन्हा जुळणी केली. दोन बोटांनी नाही, पण तीन बोटांनी क्लच आता आरामात दाबला जातो. ॲक्सिलेटरची केबल मी हेडस्टॉकच्या चुकीच्या बाजूने घेतली होती, शिवाय टाकीखाली ती फ्रेमला इन्सुलेशन टेपने गुंडाळून बांधलेली होती. टेप काढताना आउटरवर टाकीच्या कडेचा चपटा वळ स्पष्ट दिसला.

एक शंका उरली आहे. हँडल पूर्ण डावीकडे नेल्यावर आयडलिंग वाढत नाही, पण पूर्ण उजवीकडे नेल्यावर स्पीडोमीटरची सुई धावत्या गाडीत थरथरते. त्या केबलला मी हात लावलेला नाही.

जुना फिटर, खडकी

जुनी लिव्हर कास्ट ॲल्युमिनियमची असेल तर ती जास्त दिवस वापरू नये; सरळ करताना पडलेली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. नवी मिळेपर्यंत तिच्या वाकाच्या जागी बोटाने रोज चाचपावे.

स्पीडोमीटरची तार ओढली जात नाही, ती फिरते, म्हणून तिचे शत्रू दोनच : तीव्र वळण आणि कोरडेपणा. हँडल उजवीकडे गेल्यावर ती हेडलाइटच्या कॅस्केटखाली (हेडलाइटच्या घराखाली) दुमडली जात असणार. तिथली क्लिप सोडून तिला मोठा, सैल बाक द्यावा. आतली तार बाहेर काढून पुसावी, काचेवर लोळवून ती सरळ आहे का ते पाहावे आणि पातळ ग्रीसचा हात फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला द्यावा. वरपर्यंत ग्रीस दिले तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढते आणि डायल आतून धुरकट होते. तारेची चौकोनी टोके झिजून गोल झाली असतील, तर मात्र केबल बदलावी.

नव्या केबल पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये टोप्यांत बसतात, त्यामुळे क्लचची आणि डिकॉम्प्रेसरची मोकळी चाल बदलते. खडकवासल्यापर्यंत चार-पाच फेऱ्या झाल्या की दोन्ही पुन्हा मोजावीत, आणि तीही इंजिन थंड असताना.